बुवांची कॅसेट आणि माझा कंपनीतला कान

मुलाखत संपली, कॅमेरा बंद झाला, घरातलं कुणीतरी चहाचे कप गोळा करायला उठलं, की मी हात वर करून म्हणतो, "एक मिनिट. कुणी हलू नका, बोलू नका." मग जो तो जिथे असेल तिथे थांबतो आणि मी त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करतो.

बाहेरच्या माणसाला हा प्रकार खुळ्यासारखा वाटतो. पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठे फ्रिज असतो, कुठे पंखा, कुठे लांबचा रस्ता. मुलाखतीचे तुकडे कापून जोडताना मधे मोकळ्या जागा राहतात. तिथे काहीच आवाज नसेल तर ऐकणाऱ्याला चालता चालता खड्ड्यात पाय गेल्यासारखं होतं. त्या जागी ही शांतता भरायची. आमच्या कामात तिला रूम टोन म्हणतात.

संगीतकारांच्या घरी हे मिनिट फार अवघड जातं. एका थोर बंदिशकारांच्या वयोवृद्ध शिष्यांना मी तीनदा विनंती केली, आणि तिन्ही वेळा विसाव्या सेकंदाला ते गुणगुणायला लागले. मी म्हटलं, "काका, गप्प राहायचंय." ते चिडले. "मग मी काय करतोय? बोललो का एक तरी शब्द?" ते खरंच बोलले नव्हते. गाणं हे त्यांच्या हिशेबी बोलण्यात धरायचं नव्हतं.

गेली नऊ वर्षं मी थोर संगीतकारांच्या आयुष्यावरच्या माहितीपटांसाठी आवाजाचं काम करतो. तेही फक्त गुरुवारी, कारण आमच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. उरलेले सहा दिवस मी महाळुंग्याला एका वाहन कंपनीत आवाजाच्या चाचणी विभागात असतो. गाडी बाजारात जाण्याआधी ती कुठे कुरकुरते, कुठे खडखडते, कुठे नको इतकी घुमते हे शोधणं हे आमचं काम. त्यासाठी एक खोली आहे. तिच्या भिंतींना आणि छताला स्पंजच्या मोठमोठ्या पाचरी लावलेल्या आहेत. आत टाळी वाजवली तर ती हातातच विरते. आम्ही तिला गप्प खोली म्हणतो. तिथे गाडी चालू ठेवून आम्ही कान आणि यंत्रं लावून बसतो. आमच्या विभागात चांगला आवाज असा प्रकार नसतो. आवाज कमी असतो किंवा जास्त असतो. जास्त असेल तर तो कुठून येतो ते शोधायचं आणि काढायचा. अठरा वर्षं हेच केल्यावर कान तसाच होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते ह्या कानामुळेच घडलं.

माझं गाव परांडा तालुक्यात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. फिजिक्समध्ये बी.एस्सी. झालो तेव्हा आईने गुणपत्रिका देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि मग हळूच विचारलं, "आता ह्याचं काय करायचं असतंय?" मलाही ठाऊक नव्हतं. शास्त्रीय संगीत तर आमच्याकडे रेडिओवर लागलं की पुढच्या बातम्यांची वाट बघायची गोष्ट होती. अशा माणसाला ह्या कामात आणलं ते मेधाताईंनी.

मेधाताई निगडीत राहतात. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्या आणि संगीतकारांवर माहितीपट करायला लागल्या. कॅमेरा त्यांचा भाचा सांभाळतो, लिहिणं आणि निवेदन त्यांचं. आमच्या कंपनीचे भागीदार युरोपातले. एका वार्षिक समारंभासाठी त्यांनी त्यांच्याकडच्या एका महान संगीतकारावरचा माहितीपट पाठवला. तोच तो, ऐन उमेदीत कान जात गेलेला आणि तरी लिहीत राहिलेला. कामगारांना कळावं म्हणून त्याला मराठी निवेदन द्यायचं ठरलं. ताईंना बोलावलं. रेकॉर्डिंग कोण करणार, तर साहेब म्हणाले, "आवाजाचंच काम आहे ना? मग आवाजवाल्यांना द्या." अशा रीतीने ताई आमच्या गप्प खोलीत निवेदन वाचायला बसल्या आणि मी पहिल्यांदा गाडीऐवजी माणसाचा आवाज टिपला.

माहितीपट कँटीनमध्ये दाखवला. सुरुवातीला नुसता दंगा. निवेदनात "त्यांना ऐकू येईनासं झालं" असं आलं आणि मागून एक जण ओरडला, "कुठल्या प्रेस शॉपला होता रे हा?" सगळं कँटीन हसलं. प्रेस शॉपमध्ये पत्र्यावर दिवसभर ठोके पडतात. तिथली जुनी माणसं मोठ्याने बोलतात, ती का हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. लगेच दुसरा म्हणाला, "बबनराव, तुमचा भाऊबंद निघाला बघा!" बबनराव म्हणजे प्रेस शॉपमधले सगळ्यात जुने ऑपरेटर. ते हसले नाहीत. पडद्याकडे बघत राहिले. तो माणूस ऐकू येत नसताना आतल्या आत ऐकून मोठमोठ्या रचना लिहीत होता, हे निवेदन सांगत होतं. हळूहळू दंगा कमी झाला.

दुसऱ्या दिवशी बबनराव आमच्या विभागाच्या दारात उभे. म्हणाले, "साहेब, त्या बहिऱ्या मास्तरांना घरचे म्हणायचे का, की तुम्ही ओरडून बोलता?"

मी म्हटलं, "ते काही सांगितलं नाही सिनेमात."

"सांगायला पायजे होतं. नात मला म्हणती, आबा ओरडू नका. मी ओरडतच नाही ओ." मग म्हणाले, "माझे कान तपासून मिळतील का? किती उरलंय ते कळलं तर बरं. उरलंय तेवढं जपतो."

त्यांची तपासणी करून घेतली. त्या दिवसापासून बबनराव कानात बोळे घातल्याशिवाय प्रेसपुढे उभे राहिले नाहीत आणि इतरांनाही राहू दिलं नाही. सुरक्षा विभागाच्या भिंतीवरच्या पाट्यांनी जे इतक्या वर्षांत झालं नव्हतं, ते एका परदेशी संगीतकाराच्या आयुष्याने केलं. मी ताईंना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोमनाथ, गुरुवारी काय करतोस तू?"

तेव्हापासून आम्ही सहा माहितीपट केले. पाच झाल्यावर निंबूतकरबुवांचा विषय आला.

बुवांचं नाव ह्या अंकाच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेलं नसेल. त्यांच्या बंदिशी मात्र कदाचित ऐकल्या असतील, कारण गवई त्या गातात आणि रचनाकाराचं नाव सांगायचं राहून जातं. बुवा पिंपरीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये कारकून होते. कामगार आत येताना कार्ड घड्याळात घालून वेळ उमटवायचे, ती कार्डं सांभाळणं हे त्यांचं काम. बाद झालेल्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर ते बंदिशी लिहीत. मैफली करत नसत. चार शिष्यांना क्वार्टरमध्ये शिकवत, तेवढंच.

त्यांची मुलगी कुसुमताई काळेवाडीत राहतात. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी कार्डांचा गठ्ठा पुढे ठेवला. मेधाताईंनी त्यातली अकरा कार्डं वेचून फरशीवर एका ओळीत मांडली आणि मला म्हणाल्या, "बघ. अकरा कार्डं, बंदीश एकच. फरक शोध."

मी शोधला. गाड्यांतला फरक शोधायची सवय कामाला आली. अकराही कार्डांवर शब्द तेच, राग तोच, ताल तोच. फक्त एक शब्द एकेका मात्रेने पुढे किंवा मागे सरकवलेला. कार्डांच्या दुसऱ्या बाजूच्या तारखा पाहिल्या तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत आठ महिने गेले होते. एक शब्द तालाच्या नेमक्या कुठल्या मात्रेवर पडावा ह्यासाठी हा माणूस दिवसभर नोकरी करून आठ महिने झटत होता, आणि त्याबद्दल कुणी काही विचारणारही नव्हतं. मी त्या फरशीवर बराच वेळ उकिडवा बसून होतो. आपण काम काम म्हणतो ते काय, असं मला वाटत होतं.

बुवांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती. एका शिष्याने क्वार्टरमध्ये बसून टिपलेली, बुवा आपल्या बंदिशी म्हणून दाखवताहेत अशी. कुसुमताईंनी ती खणात गुंडाळून ठेवली होती. घरातला टेपरेकॉर्डर मोडल्यापासून त्यांनी ती ऐकलेली नव्हती. माझ्या हातात देताना त्या फक्त म्हणाल्या, "जपून हं."

महाळुंग्यात ज्यांच्या चाळीत माझी खोली आहे ते पोपटमामा मूळचे तिथलेच शेतकरी. त्यांचा लग्नाकार्यात लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. जमिनीत कारखाने आले, धंद्यात डीजे आले, तरी मामांनी जुनी यंत्रं टाकली नव्हती. त्यांच्याकडच्या कॅसेट डेकवर मी ती कॅसेट एकदा वाजवली आणि संगणकावर घेतली. टेप जुनी झाली होती. डेकच्या हेडवर तपकिरी भुकटी जमली. शेवटाकडे टेप किंचाळली. कॅसेट परत देताना मी कुसुमताईंना बजावलं, "आता ही पुन्हा लावू नका. आणखी एकदा वाजेल असं वाटत नाही."

मग मी रेकॉर्डिंग साफ करायला बसलो. जुन्या टेपमध्ये घरघर, खरखर, टकटक असं बरंच काही असतं. ते काढायची पद्धत अशी : जिथे कुणी गात-बोलत नाही असा तुकडा निवडायचा आणि संगणकाला सांगायचं, हा नुसता कचरा आहे, हा ओळखून ठेव आणि सगळीकडून काढ. कॅसेटच्या सुरुवातीला बुवा गायला लागण्याआधी साधारण पाऊण मिनिट नुसती एक जाड, सलग घरघर होती. कारखान्याची वसाहत, शेजारी ट्रान्सफॉर्मर असणार, मी मनाशी म्हटलं. मधून मधून ठरावीक अंतराने टक असा आवाज येत होता. तोही काढला. दोन गुरुवार गेले. काम संपलं तेव्हा बुवांचा आवाज असा निर्मळ झाला होता, की मेधाताई हेडफोन काढून म्हणाल्या, "समोर बसलेत रे."

त्यानंतर मी कंपनीतल्या माणसाला शोभेल असं एक काम केलं. आमच्याकडे फाइव्ह एस नावाची शिस्त असते. तिचा पहिला धडा : लागणारं आणि न लागणारं वेगळं करा, न लागणाऱ्याला लाल टॅग लावा, महिन्याभरात कुणी मागितलं नाही तर काढून टाका. जुने नट, मोडक्या खुर्च्या, बाद फाइली, सगळ्याला हा नियम. मला त्यात विभागाचं बक्षीसही मिळालेलं आहे. मी घरच्या संगणकालाही तोच नियम लावला होता. मूळ, न साफ केलेलं रेकॉर्डिंग 'लाल' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. महिना झाला. कुणी मागितलं नाही. काढून टाकलं.

माहितीपट पुरा झाल्यावर, जाहीर खेळाआधी, आम्ही तो कुसुमताईंना दाखवायला काळेवाडीला गेलो. हा ताईंचा रिवाज. घरच्यांनी पाहिल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. कुसुमताई खुर्ची पुढे ओढून, हात मांडीवर ठेवून बसल्या. अकरा कार्डं पडद्यावर आली तेव्हा हसल्या. मग कॅसेटमधला बुवांचा आवाज सुरू झाला. त्या पुढे झुकल्या. एक बंदीश झाली, दुसरी झाली. त्या आणखी झुकल्या. माहितीपट संपला तेव्हा म्हणाल्या, "सगळं फार छान केलंयत. बाबा अगदी बाबाच आहेत." आणि मग, "पण आई कुठाय?"

मेधाताई म्हणाल्या, "त्यांचा एकही फोटो मिळाला नाही हो. तुम्हीच म्हणालात, नाहीये म्हणून."

"फोटो कसला? फोटो नाहीच तिचा. तंबोरा. आईचा तंबोरा."

मला एकदम ती पाऊण मिनिटाची घरघर आठवली.

कुसुमताई सांगत होत्या, "दोन खोल्यांचं घर. बाहेर बाबा आणि शिष्य. आई स्वयंपाकघराच्या दारात आतल्या बाजूला बसायची तंबोरा घेऊन. तिथून दिसायची नाही. बाबांचं म्हणणं होतं, सूर तिच्याइतका कुणाला लावता येत नाही. बाबा सगळ्यांचे झाले. तिची एवढीच खूण होती."

"तुम्ही आधी बोलला नाहीत," मेधाताई हळू आवाजात म्हणाल्या.

"काय बोलू? ऐकू येतंच की!"

मी सांगितलं. "कुसुमताई, मला ती नुसती घरघर वाटली. मी काढली." मेधाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "सोमनाथ, पाच फिल्म केल्यास माझ्याबरोबर. तंबोरा कळला नाही तुला?" नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, की तोवर दरवेळी तंबोरा मला कॅमेऱ्यासमोर दिसत होता. न दिसता तो मी कधी ऐकलेलाच नव्हता. ताई स्वतःच पुढे म्हणाल्या, "मलाही कळायला हवं होतं. मला वाटलं, बुवा नुसतेच गाताहेत." मग त्यांनी विचारलं, "मूळ रेकॉर्डिंग आहे ना? ते लाव म्हणजे झालं."

तेही मला सांगावं लागलं. लाल फोल्डर, महिना, सगळं. माझ्या आयुष्यात परीक्षेत नापास होण्यापेक्षाही वाईट असं काही असेल तर ते हे दोन मिनिटांचं सांगणं.

उरली फक्त कॅसेट. ती पुन्हा वाजणार नाही असं मीच सांगितलेलं. कुसुमताई उठल्या, कपाटातून तो खण आणला. म्हणाल्या, "लावून बघू."

"तुटली तर कायमची जाईल," मी म्हटलं.

"बाबा तर आता तुमच्याकडे आहेतच. गेली तर आई जाईल. आणि अशी ठेवली तर तरी कुठे ऐकू येते? कपाटात काय, नि गेली काय." शाळेत हजेरी घ्यावी तशा स्वरात त्या बोलत होत्या. पण खणाची गाठ त्यांना लवकर सुटेना.

पुढच्या गुरुवारी त्या माझ्यासोबत रिक्षाने महाळुंग्याला आल्या. मेधाताई आधीच पोचल्या होत्या. पोपटमामांनी डेक उघडून ठेवला होता. स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलेलं, रबरी पट्टा नवा घातलेला. त्यांनी कॅसेट उजेडात धरून पाहिली.

"मामा, वाजेल का?"

"यकदा वाजंल. दुसऱ्यांदाची ग्यारंटी न्हाई. आधी ह्यो डबा बदलू, आतली चाकं घासत्यात." त्यांनी कॅसेटचे स्क्रू काढले आणि टेपची दोन्ही रिळं चिमटीत उचलून एका चांगल्या कॅसेटच्या डब्यात बसवली. सत्तरीतल्या माणसाचे हात, नांगर धरलेले. जरा हलले नाहीत.

"मामा, लाइट गेली तर? गुरुवार आहे." सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज हमखास जाते.

"टेम्पोची बॅटरी जोडलीया. लग्नात मंगलाष्टका बंद पडली न्हाई आमची कदी. हितं पडंल व्हय?"

टेप शेवटाला होती. ती आधी मागे गुंडाळायला हवी. डेकने झटक्यात गुंडाळली तर तुटायची भीती. मामा म्हणाले, "पेन्सिल घालून हातानं फिरवावी लागंल. म्या फिरवतो." कुसुमताईंनी हात पुढे केला. "द्या इकडे. पेन्सिलींचीच नोकरी केलीय मी." आणि चाळीस मिनिटं त्या पत्र्याच्या खुर्चीवर बसून एकेक वेढा फिरवत राहिल्या. मामांनी चहा आणला तो निवला. मधे त्यांनी एकदाच मान वर केली. "मला दमल्यासारखं वाटतंय असं समजू नका. घाई करायची नाहीये, इतकंच."

मी संगणक लावला. ह्या वेळी दोन संगणक, दोन ठिकाणी साठवण. मामांनी बटण दाबलं.

घरघर सुरू झाली. तीच पाऊण मिनिटाची, जी मी कचरा म्हणून निवडली होती. पण आता मी हेडफोन घातले नव्हते, संगणकावरच्या आवाजाच्या आलेखाकडे बघत नव्हतो, आणि ह्या बाई माझ्याजवळ बसल्या होत्या. मी ऐकलं. ती सलग नव्हतीच. चार तारा होत्या. पहिली जरा वेगळी, मग दोन सारख्या, मग एक खालची, आणि पुन्हा पहिली. एकीतून दुसरी निघत होती. आणि दर वेळी पहिल्या तारेवर हात परत आला की टक.

"पाटली," कुसुमताई म्हणाल्या. "दांडीला लागायची. बाबा म्हणायचे, काढून ठेव ती. आई म्हणायची, राहू दे, तुम्हाला कळतं तरी मी आहे म्हणून." त्यांनी स्वतःचा उजवा हात थोडा वर केला. मनगटात जुनी, झिजलेली पाटली होती. मामा डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभे होते.

मग बुवा गायला लागले. तो निर्मळ केलेला आवाज मला आवडत होता, पण तो हवेत एकटा होता. आता त्याच्याखाली जमीन आली. मेधाताईंनी डोळे मिटून घेतले होते. पहिली बंदीश झाली, दुसरी झाली, ती अकरा कार्डांची तिसरी सुरू झाली. तिच्या मध्यावर टेप किंचाळली. मामांनी क्षणात बटण दाबलं, पण तोवर टेप चुरगळून यंत्रात गेली होती. मामांनी ती चिमट्याने बाहेर काढली. तिच्यावर काहीच उरलेलं नव्हतं. भुकटी गळून नुसती पारदर्शक फीत. पुढचा भागही तसाच.

"न्हाई ओ बाई," मामा म्हणाले. "इथनं फुडं न्हाई."

म्हणजे अडीच बंदिशींत आई होती. उरलेल्या दीड बंदिशींत फक्त मी साफ केलेले बुवा.

जाहीर खेळ दहा दिवसांवर होता. मी सुचवलं की पुढच्या भागाला यंत्रातला तंबोरा हुबेहूब त्याच सुरात लावून जोडता येईल. कुणाला कळणारही नाही. माझी चूक झाकली जावी ही इच्छाही त्यात होती, हे मी आज कबूल करतो. मेधाताई विचारात पडल्या. कुसुमताईंनी लगेच मान हलवली. "नको. जिथे ती जाते तिथे ती जाऊ दे. ऐकणाऱ्याला कळू दे, काय गेलं ते."

तसंच केलं. श्रेयनामावलीत बुवांच्या नावाखाली आणखी एक ओळ आली : 'तंबोरा — यमुना निंबूतकर.' त्यांचं नाव कुठेतरी छापलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

बुवांच्या जन्मशताब्दीला चिंचवडच्या एका सभागृहात खेळ झाला. आवाजाची यंत्रणा पोपटमामांनी हौसेने आणली होती. बुवांचे दोन शिष्य, टाइम ऑफिसमधले काही जुने सहकारी, गाणं शिकणाऱ्या मुली, आणि निवृत्त झालेले बबनराव नातीला घेऊन. मी पहिल्या रांगेत कुसुमताईंच्या शेजारी बसलो होतो. प्रेक्षकांचा प्रतिसाद टिपावा म्हणून छोटा रेकॉर्डर मांडीवर चालू होता.

अकरा कार्डं पडद्यावर आली. तिसरी बंदीश सुरू झाली. बुवांचा आवाज, त्याखाली तंबोरा, आणि मधून मधून टक. तो शब्द आला, आठ महिने फिरून जिथे पोचला होता त्या मात्रेवर, आणि सगळं सभागृह एकदम "वाह" म्हणालं. मग मध्यावर तंबोरा थांबला.

मागे कुजबुज झाली. कुणीतरी वाकून मामांना म्हणालं, "मामा, आवाज गेला वाटतं." मामा म्हणाले, "यंत्र चांगलं हाय. गप ऐका."

बुवा एकटेच गात होते. मी खाली मान घालून बसलो होतो. आता उरलेला वेळ माझ्या चुकीचा होता आणि तो सगळ्यांसमोर पुरा ऐकणं भाग होतं. तेवढ्यात शेजारी काहीतरी हललं. कुसुमताईंचा उजवा हात खुर्चीच्या हाताजवळ उभा होता आणि बोटं हवेत चालली होती. एक वेगळी, दोन सारख्या, एक खाली. त्या पडद्याकडेच बघत होत्या. दर वेळी पहिल्या तारेवर परत येताना पाटली खुर्चीच्या लाकडाला लागत होती.

टक.

बंदीश संपेपर्यंत तो आवाज एकदाही चुकला नाही. माझ्या रेकॉर्डरमध्ये तो आला आहे, बुवांच्या गाण्याखाली, प्रेक्षकांच्या खोकण्यासकट. ते रेकॉर्डिंग मी ठेवलं आहे. साफ केलेलं नाही.